उजवा कान

"काकांच्या कानाक काय त्रास नाय मां?" रोझलिननं विचारलं.

प्रश्न हावळांना होता. ते धक्क्याच्या कडेला उभे राहून होडीत हवेच्या टाक्या चढवणाऱ्या माणसांकडं बघत होते. आपल्याशी कुणीतरी बोलतंय एवढं त्यांना कळलं. त्यांनी वळून रोझलिनकडं पाहिलं, हसले आणि मग माझ्याकडं बघितलं.

"नाही," मी म्हणाले.

आम्हाला पाण्याखाली नेणाऱ्या रोझलिननं फॉर्मवरच्या चौकोनात फुली मारली. मग दम्याचं विचारलं, बीपीचं विचारलं, आठवड्याभरात सर्दी-ताप काही झालं होतं का विचारलं. मी सगळ्याला नाही म्हटलं. सर्दी तर त्या घटकेलाही होती, हावळांच्या खिशातला रुमाल ओला होता. रोझलिननं फॉर्म त्यांच्यापुढं धरला आणि त्यांनी न वाचता सही ठोकली. उत्तरं मी दिली होती, म्हणजे त्यांच्या लेखी ती बरोबरच असणार.

याला आता नऊ वर्षं झाली. जानेवारी महिना होता, मालवणचा धक्का होता आणि सकाळचे साडेसात वाजले होते.

हावळ म्हणजे माझे मिस्टर, महादेव हावळ. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते आणि बाहेर कुणाशी बोलताना 'हावळ'. लग्नानंतर दोन वर्षं मी एका शाळेत क्लार्क होते. तिथल्या सगळ्या बाया नवऱ्याचा उल्लेख आडनावानं करायच्या, ती सवय मला लागली ती लागलीच. पुढं शाळा सुटली आणि मी कारखान्यात उभी राहिले. इचलकरंजीत कारखाना म्हणजे यंत्रमागांची शेड. आमचे सोळा माग होते. सोळा माग एकदम चालू असले की शेजारी उभा राहिलेला माणूस बोंबलला तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळे हातानं बोलतात. धागा तुटला, कांडी संपली, चहा आला, मालक तापलाय, या सगळ्याला खुणा असतात. प्रत्येक माणसाला नावाचीही एक खूण असते. हावळांची खूण मिशीवरून बोट फिरवायची. माझी कपाळावर अंगठा टेकवायची, कारण मी तेव्हा ठसठशीत कुंकू लावायची.

त्या खडखडाटात हावळांनी अडतीस वर्षं काढली. डावा कान कधी गेला ते कळलंही नाही. उजवा निम्मा उरला होता. त्या जानेवारीच्या आधी, दिवाळी झाल्यावर, मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "डावा विसरा. उजव्याला जपा. पाण्याखाली जाणं आता बंद करायचं. दाबानं हाही कान गेला तर मशीनसुद्धा उपयोगाला येणार नाही."

हावळांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून ते सगळं ओरडून सांगितलं. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनाही ते कळलं असणार. हावळ म्हणाले, "बरं."

त्या उरलेल्या अर्ध्या कानाला ते रोज संध्याकाळी फोन लावायचे. पुण्यात आमची मुलगी स्वरूपा, तिची मुलगी तेव्हा दीड वर्षाची. तिला 'आबा' आणि 'काऊ' एवढे दोनच शब्द यायचे. हावळ डोळे मिटून अर्धा अर्धा तास ते ऐकत बसायचे. दुसऱ्या कुणाचा फोन त्यांना कळायचा नाही, पण तिचा कळायचा.

आणि मी ओरडायचे. सकाळी उठल्यापासून ओरडायचे. पाणी आलंय, भाजी कुठली आणू, दाराशी कोण आलंय बघा, सगळं दोनदा, कधी तीनदा. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना पहिले सहा महिने वाटत होतं, आमचं अखंड भांडण चालू असतं. ओरडून घसा दुखतो ते सोडा, त्याला गुळण्या आहेत. पण ओरडून फक्त मोठ्या गोष्टी सांगता येतात, बारीक काही सांगता येत नाही. शेजारच्या सुनेची चुगली ओरडून कशी करणार? रात्री पडलेलं स्वप्न ओरडून कसं सांगणार? सांगायला गेलं की निम्म्यात ते म्हणायचे, "आँ? काय बोलायलीस? मोठ्यानं बोल की." मग मी म्हणायची, "काही नाही." ते 'काही नाही' तेवढं मात्र त्यांना पहिल्या फटक्यात ऐकू जायचं.

घरात हातानं बोलावं, तर ते त्यांना खपायचं नाही. कारखाना विकल्यावर मी एकदा सवयीनं हातानं विचारलं होतं, जेवायला वाढू का म्हणून. ते ताटावरून उठले. "मला काय मुका-बहिरा समजतीस?" असं म्हणाले. कारखान्यात सगळेच हातानं बोलतात, तिथं त्यात काही कमीपणा नव्हता. घरात तो त्यांना एकट्याला लागला असता. मी पुन्हा हात वर केले नाहीत.

मग त्या जानेवारीच्या पाच वर्षं आधी आम्ही तारकर्लीला सहलीला गेलो. सगळ्यांनी एकेकदा पाण्याखाली जायचं ठरलं आणि आम्हीही गेलो. मी घाबरून डोळे मिटले होते. उघडले तर समोर हावळ, तोंडात नळी, नाकावर काच, आणि हात हलवून मला विचारतायत, 'घाबरलीस व्हय?' कारखान्याच्या खुणेनं. मी हातानं म्हटलं, 'तुमचंच तोंड बघा.' ते हसले, त्यांच्या तोंडातून बुडबुड्यांचा लोट निघाला. पन्नाशी उलटलेली दोन माणसं पुढच्याच महिन्यात परत येऊन रोझलिनकडं रीतसर शिकली. आमच्या गल्लीत त्याचं भरपूर हसू झालं. रोझलिन म्हणायची, तिच्या बाकीच्या लोकांना पाण्याखाली दहा खुणा पाठ करायला आठवडा लागतो आणि हे दोघं खाली जाऊन गप्पा मारतात.

डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं तेव्हा आमच्या वीस-बावीस बुड्या झाल्या होत्या.

त्या खेपेला मालवणला येताना गगनबावड्याला चहाला थांबलो तेव्हा मी विषय काढला होता. माझं कर्तव्य म्हणून काढला. "अहो, डॉक्टर काय म्हणाले आठवतंय काय?"

"आँ?"

"डॉक्टर! कानाचं!"

टपरीवरचे तिघे-चौघे वळून बघायला लागले. हावळांनी बशीत चहा ओतला.

"ही शेवटची खेप," ते म्हणाले. "परत न्हाई जायचं. आणि हे बघ, खाली गेलं की सगळेच बहिरे. खाली मी एकटा बहिरा नसतो."

"आणि काही झालं तर?"

"काय व्हतंय? इतक्या बारी गेलो की." त्यांनी चहा संपवला. "तू हायस न्हवं संगं."

मी म्हटलं, "बरं." आणि गाडीत बसले. घाटात त्यांना दोनदा शिंका आल्या.

होडीत आम्ही पाच जण होतो. आम्ही दोघं, रोझलिन, होडीवाला बबन आणि त्याचा भाऊ. रोझलिन तेव्हा पस्तिशीची असेल. वेंगुर्ल्याची बाई, उन्हानं रापलेली, हसरी, पण पाण्याच्या बाबतीत कडक. किल्ला मागं पडला. डिझेल इंजिनाचा धडधडाट असा होता की बबन आणि त्याचा भाऊ एकमेकांशी ओरडून बोलत होते. हावळ इंजिनाशेजारच्या फळीवर बसले होते आणि मजेत होते. आवाज असला की ते नेहमीच मजेत असायचे. तिथं कुणालाच नीट ऐकू येत नाही ना!

तासाभरानं बबननं नांगर टाकला. मासेमार त्या जागेला डोणीचा खडक म्हणतात. वरून काहीच दिसत नाही, खाली चाळीस फुटांवर प्रवाळाची बाग आहे.

रोझलिननं आम्हाला समोर बसवलं आणि दर वेळी सांगायची तेच सांगितलं. "दोघा जोडीन रवायचा. एकाक वर येवक व्हया, तर दोघांनीव येवचा. आणि कान दुखलो तर जबरदस्ती करूची नाय हां. मीटरभर वर येवचा, थांबाचा, मगे परत. नाय जमला तर सरळ वर. समजला काका?"

हावळांनी माझ्याकडं बघितलं.

"समजलं," मी म्हणाले.

मी त्यांची टाकी तपासली, पट्टे ओढून बघितले. त्यांनी माझे बघितले. ते नाक शिंकरत होते आणि रोझलिनचं लक्ष नाही ना हे बघत होते. मीही तेच बघत होते. मग आम्ही पाठीवर पडून पाण्यात गेलो आणि नांगराचा दोर धरून खाली उतरायला लागलो.

पाणी त्या दिवशी इतकं स्वच्छ होतं की दोर खालपर्यंत दिसत होता. मालवणला असं वर्षातून चार-दोनदा होतं. पुढं रोझलिन, मग मी, मग हावळ. खाली जाताना दाबानं कान दाटतात, सर्दी असली तर जास्तच. मी नाक चिमटीत धरून जोर लावला आणि कान मोकळे केले, माझे लगेच झाले. दोन पुरुष खाली गेलो असू तेव्हा दोराला हिसका बसला. मी वर बघितलं. हावळ थांबले होते. त्यांनी पंजा आडवा धरून हलवला, म्हणजे काहीतरी बिघडलंय, आणि उजव्या कानाकडं बोट केलं.

इथं मला जरा थांबून सांगायला पाहिजे.

कारखान्यात आमच्याकडं एक रीत होती. धागा तुटला की नवशिका माणूस माग बंद करतो. मुरलेला माणूस बंद करत नाही, चालू मागातच हात घालून गाठ मारतो. बंद केलेला माग परत लयीत यायला वेळ खातो, कापडावर डाग उठतो. म्हणून कुणी लांबून 'धागा तुटलाय' अशी खूण केली की मालकानं किंवा मालकिणीनं मनगट गोल फिरवून दाखवायचं. म्हणजे 'चालू दे'. मी ती खूण दिवसातून शंभरदा करायची. तीस वर्षं केली.

मी हावळांकडं बघून मनगट गोल फिरवलं.

सवयीनं झालं असं मी पुढं स्वरूपाला सांगितलं. रोझलिनला सांगितलं. डॉक्टरांना सांगितलं. ते खोटं आहे. हात उचलायच्या आधी मी खाली बघितलं होतं. खाली पिवळ्या माशांचा एक थवा खडकावरून वळत होता आणि मला वाटलं होतं, हे वर गेले तर परत येणार नाहीत. रोझलिन त्यांना परत पाठवणार नाही. मग मी यांना घेऊन होडीत बसणार आणि किनाऱ्यापर्यंत त्यांच्या उजव्या कानात ओरडत जाणार आणि तिथून इचलकरंजीपर्यंत आणि तिथून पुढं मरेपर्यंत. मला पाण्याखालची ती चाळीस मिनिटं हवी होती. मालवणला यायचं म्हणून रोझलिनला फोनसुद्धा मीच केला होता. हावळांनी फक्त एकदा विचारलं होतं, या वर्षी जायचं का म्हणून. डॉक्टरांनी सांगितलंय, नको, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. माझं ते नेहमी ऐकायचे.

तेव्हाही ऐकलं. त्यांनी नाक चिमटीत धरलं, डोळे मिटले आणि जोर लावला. गाल फुगले. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्यांचं सगळं अंग हिसकलं. मग क्षणभर ते तसेच राहिले, दोराला धरून. मग डोळे उघडून त्यांनी बोटांचं कडं करून दाखवलं, ठीक आहे.

खालून रोझलिननं खुणेनं विचारलं, दोघं ठीक? मी दोघांच्या वतीनं कडं करून दाखवलं.

तळाशी पोचलो. प्रवाळ कोबीच्या गड्ड्यांसारखा एकावर एक बसला होता, तपकिरी, हिरवट, मधेच जांभळा. हावळांनी माझा हात धरला. असा ते कधी धरायचे नाहीत, खाली हात बोलायला लागतात म्हणून. आता मात्र डाव्या हातानं माझा हात घट्ट धरून उजव्या हातानं बोलत होते. मला काय वाटलं सांगू? लाज वाटली. या वयात रोझलिनसमोर हे काय, असं वाटलं, आणि बरंही वाटलं. मी हात सोडवून घेतला नाही.

एका कपारीत मोठा गोब्रा मासा बसला होता, ओठ जाड, पोट सुटलेलं. हावळांनी पोट पुढं काढून कानामागं पेन खोचल्याची खूण केली. आमचे जुने दिवाणजी! मी मान हलवली, तंतोतंत. पट्टेरी माशांची एक जोडी पुढं-मागं चालली होती. पुढचा मासा दर खडकाशी थांबून मागच्याची वाट बघायचा. हावळांनी पुढच्याकडं बोट केलं आणि मिशीवरून बोट फिरवलं. मी त्यांचा हात बाजूला सारला, मागच्याकडं बोट केलं आणि मिशीची खूण केली. बाजारात कोण मागं रेंगाळतं हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. वाळूवर गुडघे टेकून, एका हातानं. आधी पदराची खूण, मग पट्ट्याची, मग डोळे मोठे. मला लगेच कळलं. मी कारखान्यात उभी राहिले त्याचं पहिलं वर्ष होतं. माझा पदर मागाच्या पट्ट्यात अडकला होता आणि त्यांनी पळत जाऊन मेन स्विच खाली ओढला होता. एका मागासाठी सोळाच्या सोळा बंद. सगळ्या शेडमध्ये एकदम अशी शांतता झाली की गल्लीतले लोक दारात आले. सासरे अंगावर आले, तेव्हा हावळ एवढंच म्हणाले होते, कापड परत विणता येतं. यातलं शेवटचं त्यांनी हातानं सांगितलं नाही, ते मला आठवलं. त्यांनी सासऱ्यांचं तोंड मात्र करून दाखवलं, धोतराचा सोगा हातात धरून नाचणारं. मला इतकं हसू आलं की काचेत पाणी शिरलं आणि रोझलिन पोहत आली काय झालं बघायला.

कितीतरी दिवसांत आम्ही इतकं बोललो नव्हतो. मी त्यांना पडलेलं एक स्वप्न सांगितलं. शेजारच्या सुनेचंही सांगितलं. स्वरूपाचं तिच्या नवऱ्याशी धड चाललेलं नाही असं मला दोन महिन्यांपासून वाटत होतं, ते कसं सांगावं कळत नव्हतं, ते सांगितलं. त्यांनी नीट बघून घेतलं आणि विचारलं, 'तुला ती बोलली?' मी म्हटलं, 'नाही, पण मला कळतं.' ते म्हणाले, 'बोलवून घेऊ तिला. आठ दिवस राहू दे.' एवढी वर्षं एका घरात राहून एवढं साधं बोलणं झालं नव्हतं.

प्रवाळाजवळ गेलं की एक आवाज येतो. कढईत मोहरी तडतडावी तसा बारीक, चोहीकडून. खडकातल्या कोळंब्या करतात म्हणे. हावळांना तो आवाज फार प्रिय होता. पाण्यात आवाज सगळीकडून अंगावर येतो म्हणून की काय, तो त्यांना वरच्या कुठल्याही आवाजापेक्षा चांगला कळायचा. दर खेपेला तेच आधी फोडणीची खूण करायचे. त्या दिवशी केली नव्हती, म्हणून मी केली. 'ऐकू येतंय?'

ते हसले आणि बोटांचं कडं करून दाखवलं.

ते हसणं मला माहीत होतं. पाहुण्यांचं बोलणं कळलं नाही की ते असंच हसायचे. मला माहीत होतं आणि मी तोंड फिरवून दुसरा मासा दाखवला.

चाळीस मिनिटांनी रोझलिननं वर चलायची खूण केली. दोराशी थांबत थांबत वर आलो. हावळांनी माझा हात सोडला नाही. शिडीवर पहिला पाय ठेवताना ते एका बाजूला कलंडले आणि बबननं त्यांना बखोटीला धरून वर घेतलं. फळीवर बसवल्यावर त्यांनी डोळे मिटून दोन्ही हातांनी कड पकडली. खाली त्यांनी माझा हात का धरला होता ते मला तेव्हा कळलं. त्यांना तोल सावरत नव्हता.

"काका दमले," रोझलिन म्हणाली. "पाणी द्या त्यांका."

ते पाणी प्यायले, दोन मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले. रंग जरा आला. बबननं नांगर ओढून घेतला, इंजिनाला दांडा घालून फिरवला. काळा धूर निघाला आणि धडधडाट सुरू झाला. फळी हलायला लागली. होडी किनाऱ्याकडं वळली.

हावळांनी बबनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"का गं, इंजिन का चालू करंना ह्यो? बंद पडलं काय?"

बबन हसला. त्याला वाटलं थट्टा चाललीय. "इंजिन चालू आसा काकानू!" तो ओरडला.

हावळांनी नेहमीसारखं माझ्याकडं बघितलं. मी नेहमीसारखी उठले, त्यांच्या उजव्या कानाशी वाकले, श्वास भरून घेतला आणि ओरडले, "इंजिन चालू आहे!"

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी बोलायला सुरुवात कधी करते याची वाट बघत होते.

मी पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा माझा आवाज चिरकला. रोझलिन टाक्या बांधत होती ती थांबली. तिनं हावळांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

मी हात वर केले. पाण्याबाहेर, उन्हात, परक्या माणसांसमोर. 'चालू आहे' म्हणून सांगितलं. ते क्षणभर माझ्या हातांकडं बघत राहिले. मग वाकून त्यांनी इंजिनाशेजारच्या फळीवर तळवा टेकवला. फळी थरथरत होती. त्यांनी तळवा बराच वेळ तिथंच ठेवला.

त्या वेळी माझ्या मनात पहिलं काय आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नातीचं आलं नाही. डॉक्टरांचं आलं नाही. आपण काय केलं हेसुद्धा नंतर आलं, त्या रात्री आलं, आणि अजून येतं. पहिलं आलं ते एवढंच, की सुटले. आता ओरडायला नको. नवऱ्याचा कान गेला त्या घटकेला मी सुटले म्हणाले, मनातल्या मनात, पण स्पष्ट शब्दांत. आणि मग मला रडू कोसळलं.

हावळांनी फळीवरचा हात काढून माझ्या पाठीवर ठेवला. त्यांना वाटलं, त्यांच्यासाठी रडतेय.

"रडू नगंस," ते म्हणाले. "तुझा घसा तरी वाचंल आता."

ते केवढ्यांदा तरी बोलले, इंजिनाच्या वर, होडीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. आपला आवाज केवढा आहे हे त्यांना आता कळत नव्हतं. बबन आणि त्याचा भाऊ खो खो हसायला लागले.